मालकाच्या नावातली अक्षरं

अक्षदाच्या सासरी दाराला कधी कुलूप लागत नसे. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटाशी असलेल्या त्या वाडीत कुणाच्याच दाराला लागत नसे. सकाळी दार उघडलं की दिवेलागणीपर्यंत उघडंच. ओटीवर उभं राहिलं की खाली उतरणारी पायवाट दिसायची, तिच्याखाली डांबरी रस्ता, आणि त्याच्याही खाली महामार्गावरून महाडकडे जाणाऱ्या एसट्या काडेपेटीएवढ्या दिसायच्या. शिमगा झाल्यापासून अक्षदा त्या नुसत्या बघत होती.

तिचं माहेर बिरवाडीचं. वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर. महाडच्या कॉलेजात ती इंग्रजी घेऊन बीए करत होती, दुसरं वर्ष संपलं आणि दीपकचं स्थळ आलं. दीपक मुंबईला कुर्ल्यात एका गोदामात सुपरवायझर, घरची भातशेती, वर नाचणीचं रान. बैठकीत अक्षदाच्या वडिलांनी शिक्षणाचं काढलं तेव्हा दीपकचे वडील रावजी हसून म्हणाले होते, "आम्ही काय जुन्या काळातली माणसं नाय. शेवटचं वर्ष पुरं करायचं तिनं. आमच्या घरात सून आणि लेक वेगळी नाय."

तसं ते पहिले काही महिने झालंही. ती सकाळी खाली उतरायची, पोलादपूरहून एसटी पकडायची, दुपारी परत. मग हळूहळू खाडे पडू लागले. आज गुरं कोण सोडणार. आज मुंबईचे पाहुणे येतायत. आज सासूबाईंचा, ठकूबाईंचा, गुडघा धरलाय. शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून आठवडाभर आधीपासून घर सारवायचं होतं, आणि पालखी गेल्यावर राबाचे दिवस आले. रानातून कवळ, झाडांच्या पाल्याच्या फांद्या, तोडून आणायची, वाफ्यांवर पसरायची, भाजायची. घरात माणसं तीन, त्यातली दोन म्हातारपणाकडे झुकलेली.

'नको जाऊ' असं कुणीच म्हटलं नाही. कारणं सगळी खरी होती, हीच अडचण होती. खोटी असती तर त्यांच्याशी भांडता आलं असतं.

घरात फोनला रेंज नव्हती. रेंज यायची ती खाली देवळाच्या पारावर, आणि तरणी सून पारावर एकटी उभी राहिली की संध्याकाळपर्यंत वाडीभर चर्चा. रावजींचा साधा फोन मात्र ओटीच्या एका खांबाशी लागायचा. दीपकचा फोन त्यावरच येई आणि रावजी तो स्पीकरवर ठेवत. ऐकू नीट येत नाही म्हणत.

शेवटच्या सत्रात एक प्रकल्प होता. आम्रपाली मॅडम शिकवायच्या त्या विषयाचा. एका अमेरिकन गुलाम बाईचं आत्मचरित्र वाचायचं आणि तिच्या लेखनशैलीवर लिहायचं. शनिवारी तोंडी परीक्षा, ती दिली नाही तर वर्ष गेलं.

ते पुस्तक अक्षदाकडे झेरॉक्समध्ये होतं. ती बाई कापसाच्या एका मळ्यावर धुण्याचं काम करायची. मालकाच्या घरचे रुमाल, चादरी, उशांचे अभ्रे हरवू नयेत म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं मालकाच्या नावातली अक्षरं टाकायची. त्या कामासाठी मालकिणीनं तिला अक्षरं शिकवली, पण तेवढीच. मालकाच्या नावात जेवढी होती तेवढीच तिची लिपी. त्या अक्षरांत तिचं स्वतःचं नाव बसत नव्हतं. उरलेली अक्षरं तिनं कापसाच्या गासड्यांवरचे शिक्के बघून, थडग्यांवरचे दगड बघून गोळा केली. दर वेळी एखादंच अक्षर हाती लागायचं. गुलामानं वाचायला शिकणं तिथं गुन्हा होता.

वर्गात हे वाचताना पोरी रडल्या होत्या. आम्रपाली मॅडम मात्र फळ्यापाशी शांत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "रडलात, ठीक आहे. आता ती तुम्हाला कशी रडवते ते शोधा. बाई काय सांगते ते सगळेच लिहितील. कसं सांगते ते मला हवंय."

आणि मग त्यांनी एकेक वाक्य सोडवून दाखवलं होतं. हे बघा, मारहाणीचा प्रसंग तिनं एका ओळीत संपवलाय, पण रुमालाच्या कोपऱ्याला अर्धं पान दिलंय. का? इथं 'त्या दिवशी' हा शब्द सलग वाक्यांच्या सुरुवातीला येतो, तो हातोड्यासारखा. इथं ती वाचणाऱ्याला थेट विचारते, 'तुमच्या घरच्या चादरीवर कुणी नाव टाकलंय?' तिचे वाचणारे कोण होते? उत्तरेकडचे गोरे. तिचं खरं मानायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं. ती ओरडली असती तर त्यांनी पुस्तक मिटलं असतं, म्हणून ती ओरडत नाही. जिथं सर्वांत जास्त राग आहे तिथं तिचा आवाज सर्वांत खाली येतो.

"आणि एक," मॅडमनी शेवटी सांगितलं होतं, "'आपण सगळेच कुठं ना कुठं गुलाम असतो' असलं काही लिहू नका. तिला बाजारात उभं करून विकता येत होतं. ते विसरून कुठलीच तुलना करायची नाही."

अक्षदानं ते लिहून घेतलं होतं. पण त्या डोंगरातल्या घरात दुपारी सासूसासरे आडवे झाले की ती झेरॉक्सची पानं घेऊन पडवीत बसायची, आणि काही केल्या तिला ती तुलना टाळता यायची नाही. तिला घरातलं बोलणं वेगळंच ऐकू येऊ लागलं होतं. 'आपल्यात असं करत नाय.' कोण करत नाही? 'लोक काय म्हणतील.' कुठले लोक? 'बघू पुढं.' कोण बघणार? या घरात हुकूम कुणीच देत नव्हतं, तरी सगळे हुकूम पाळले जात होते.

शिमग्याच्या आधी, शेवटचं कॉलेजला गेली तेव्हा, तिनं कच्चा प्रकल्प मॅडमकडे दिला होता. त्यातलं शेवटचं पान तिला सगळ्यांत आवडलं होतं, कारण तो विचार तिचा स्वतःचा होता. पुस्तकात मालकाला एक दिवस कळतं की धुणारी मुलगी जास्तीची अक्षरं शिकली आहे. तो बायकोला काहीतरी म्हणतो. काय, ते लेखिका लिहीत नाही. मग मालकीण खोलीत येते, आणि पुढचं वाक्य असं की तिनं माझ्या हातातली सुई हळुवारपणे काढून घेतली. 'जेंटली' हा शब्द होता तिथं. अक्षदानं लिहिलं होतं की या शब्दातून मालकिणीची असहायता दिसते. तीही नवऱ्याच्या धाकात होती. एका अर्थी मालकीणही गुलामच होती.

बुधवारी सकाळी ती परड्यात गोवऱ्या उन्हात घालत होती, तेव्हा खालच्या वळणावर स्कूटरचा आवाज आला. वाडीपर्यंतचा रस्ता कच्चा, तिथं सहसा स्कूटर येत नाही. थोड्या वेळानं हेल्मेट हातात घेऊन, धुळीनं भरलेल्या साडीचा घोळ सावरत आम्रपाली मॅडम अंगणात उभ्या राहिल्या.

"पत्ता विचारत विचारत आले," त्या म्हणाल्या. "फोन लागत नाही तुझा."

रावजी लगबगीनं ओटीवरून खाली आले. "या या, मॅडम. एवढ्या उन्हाच्या? आधी निरोप धाडायचा. ए, पाणी आण गो!" त्यांनी स्वतः खुर्ची पुसली. त्यांच्या आवाजात खरंच आदर होता. कॉलेजच्या मॅडम घरी आल्या होत्या.

मॅडमनी सांगितलं, शनिवारी परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक येणार आहेत, अक्षदाची हजेरी कमी आहे पण ते मी सांभाळून घेईन, तिला फक्त पाठवा.

"आमच्याकडं कोण अडवतंय तिला?" रावजी हसले. "तिचंच मन रमलंय घरात. काय गो?"

अक्षदा तांब्या घेऊन उभी होती. "जी," म्हणाली.

"कसला म्हणायचा अभ्यास?" रावजींनी विचारलं.

"गुलामगिरीवरचं पुस्तक आहे. एका बाईनं लिहिलेलं."

"हां, ते अमेरिकेत होतं ना पूर्वी. लई वाईट." रावजींनी मान हलवली. "आपल्याकडं तसलं काय नव्हतं बघा."

मॅडमनी अक्षदाच्या हातातला तांब्या घेतला. त्यांनी पाणी प्यायलं.

ठकूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी प्रेमानंच विचारलं, "मॅडम, गाव कुठलं तुमचं?"

"महाडच."

"महाडात कुठं?"

मॅडमनी आळीचं नाव सांगितलं.

"आडनाव काय म्हनलात?"

मॅडमनी आडनावही सांगितलं. सरळ, ठकूबाईंच्या डोळ्यांत बघून. ठकूबाई "बरं बरं" म्हणाल्या आणि आत वळल्या. जाता जाता त्यांनी अक्षदाच्या दंडाला हलकाच हात लावला.

चुलीपाशी त्यांनी आवाज खाली आणला. "कपबशी नको काढू. ते कागदी गलास हायत ना, पूजेतले उरलेले, फळीवर. त्यातून दे."

"आई, त्या माझ्या मॅडम आहेत."

"मी कुठं काय बोलते त्यांना? चहा देतोय ना? मान देतोय. तुझ्या आबांना कपात लागतो म्हणून त्यांना कपात." मग थांबून, आणखी हळू, "शनिवारचं मी बोलते आबांशी. जाशील तू. आता उगा वाढवू नको."

अक्षदाच्या हातात साखरेचा डबा होता. चहा उतू जायला आला म्हणून तिनं भांडं खाली घेतलं. फळीवरचा ग्लास काढताना तिनं विचार केला असं म्हणता येणार नाही. शनिवार तेवढा तिच्या डोळ्यांपुढे होता. खाली महामार्गावरून जाणारी एसटी, तिच्यात आपण खिडकीशी बसलेलो. तिनं गाळणी धरली. रावजींच्या कपात चहा ओतला, मग कागदी ग्लासात.

बाहेर ट्रे घेऊन गेली तेव्हा कप आणि ग्लास शेजारी शेजारी होते. तिनं ग्लास उचलला, वाकली, आणि दोन्ही हातांनी मॅडमपुढे धरला. कागद गरम झाला होता, म्हणून म्हणाली, "सावकाश, मॅडम. हात भाजेल."

मॅडमनी ट्रेमधल्या कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ग्लास घेतला. फुंकर घालत सगळा चहा प्यायल्या. रावजी पावसाचं, आंब्याचं बोलत होते, त्यांना "हो, हो" म्हणत राहिल्या. चहा संपल्यावर त्यांनी ग्लास चुरगळला नाही, खाली ठेवला नाही. घडी घालून पर्समध्ये टाकला.

उठताना अक्षदाच्या हातात प्रकल्पाची पानं दिली. "खुणा केल्यात. शेवटचं पान परत बघ."

स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला तेव्हा रावजी म्हणाले, "बाई चांगली हाय. शिकलेली." आणि ठकूबाई म्हणाल्या, "हो, स्वच्छ ऱ्हाते." मग त्या घागर घेऊन आल्या आणि मॅडम बसल्या होत्या त्या खुर्चीवर, ओटीवर पाणी ओतलं. धूळ फार झाली होती म्हणाल्या.

दुपारी पडवीत अक्षदानं पानं उघडली. बरीच पानं मॅडमच्या लाल शाईनं 'छान', 'उदाहरण हवं' अशा खुणांनी भरली होती. शेवटच्या पानावर 'मालकीणही गुलामच होती' या वाक्याखाली रेघ होती आणि समासात प्रश्न: 'हळुवारपणे हा शब्द कुणासाठी आहे? मालकिणीची बाजू घ्यायला, की वाचकाला थांबवायला? सुई शेवटी कुणाच्या हातात गेली?'

ही खूण बुधवारच्या आधीच केलेली होती. मॅडम ती घेऊनच डोंगर चढून आल्या होत्या. अक्षदा तो प्रश्न वाचत राहिली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापत गेल्या. दोन्ही हातांनी. वाकून. 'हात भाजेल.' तिनं किती चांगल्या रीतीनं दिलं होतं ते. नीट न देता, तोंड फिरवून दिलं असतं तरी बरं झालं असतं असं तिला वाटलं, पण तेही खरं नव्हतं.

इतके दिवस ती पुस्तकातल्या धुणाऱ्या मुलीच्या जागी बसून वाचत होती. दुसऱ्या जागी बसून वाचावं लागेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मालकीण घाबरलेली होती, ते खरंच असेल. ठकूबाईही घाबरलेल्या होत्या, त्यांच्या सासूला, दिराला, वाडीला. अक्षदाही घाबरली होती. पण सुई गेलीच, ग्लास दिलाच.

तिनं ते पान फाडलं नाही. त्यावर काट मारली आणि पाठीमागे नव्यानं लिहायला घेतलं. लेखिका मालकिणीला शिवी देत नाही, तिला राक्षसीण करत नाही. ती फक्त एक शब्द ठेवते. वाचकाला क्षणभर बरं वाटतं, चला, निदान मायेनं काढून घेतली. आणि मग त्याच बरं वाटण्याची लाज वाटते. मायेनं केलेला अन्याय करणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा करता येतो. लेखिकेला हे माहीत आहे की तिचे बहुतेक वाचक मालकिणीसारखेच आहेत. तो शब्द त्यांच्यासाठी आहे. इंग्रजीत लिहिताना अक्षदाची वाक्यं अडखळत होती, क्रियापदं चुकत होती, पण ती थांबली नाही.

शनिवारी सकाळी ठकूबाईंचा गुडघा धरला. रावजी म्हणाले, "आज नेमका राब भाजायचाय. वारा पडलाय. उद्या परवा बघ की परीक्षेचं."

ठकूबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्या अक्षदाकडे बघत नव्हत्या.

अक्षदानं भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवल्या होत्या, गुरांना पाणी दाखवलं होतं, घागरी भरल्या होत्या. साडी नेसून झाली होती. "आबा, मी जाते," ती म्हणाली. रोज ती 'जाऊ का' म्हणायची. आज ते तोंडातून आलंच नाही.

रावजींनी तिच्याकडे बघितलं. "जा की. कोण अडवतंय?" आणि ती अंगण ओलांडताना मागून, शांतपणे, "दीपकला कळवतो तेवढं."

ती पायवाटेनं खाली उतरली. डांबरी रस्त्यावर एक मिनीडोअर रिक्षा भरून चालली होती, तिच्यात ती कशीबशी घुसली. पोलादपूरला एसटी मिळाली. खिडकीशी जागाही मिळाली, पण जसं वाटेल असं ती धरून चालली होती तसं काही वाटलं नाही. महाड येईपर्यंत ती संध्याकाळचा विचार करत होती.

परीक्षेआधी मॅडमनी तिचं नवं पान उभ्या उभ्या वाचलं. मग फाइलला लावलं.

परीक्षक मुंबईकडून आलेले, केस पिकलेले, मऊ बोलणारे. त्यांनी आधी इंग्रजीत विचारलं, मग तिची धांदल बघून मराठीत. पुनरुक्ती कुठं आहे, वाचकाला संबोधन कुठं आहे, उपरोध म्हणजे काय. तिनं सगळं सांगितलं. आपण हे इतकं चांगलं सांगू शकतो याचं तिलाच नवल वाटलं.

"शेवटचं पान वेगळं आहे तुमचं," ते म्हणाले. "आधीच्या मतावर काट मारलीय. मत का बदललं?"

"मधे मीच तसं काहीतरी केलं, सर."

"म्हणजे?"

मॅडम टेबलाच्या कडेला बसल्या होत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. अक्षदाच्या ओठांवर वाक्य तयार होतं. ग्लास हा शब्द होता, कप हा शब्द होता. पण ते वाक्य बोललं तर मॅडमनाही त्याच्यात उभं राहावं लागणार होतं, या अनोळखी माणसापुढे, पुन्हा एकदा. की ही फक्त सबब होती? तिला ठरवता येईना.

"सांगता येणार नाही, सर," ती म्हणाली.

परीक्षक खूश झाले. "वा! म्हणजे लेखिकेचंच तंत्र. महत्त्वाचं ते न सांगता वाचकावर सोडायचं." ते हसले आणि कागदावर आकडा टाकला. अक्षदाला ते हसणं सोसेना.

बाहेर व्हरांड्यात मॅडम आल्या तेव्हा ती भिंतीशी उभी होती. "मॅडम, बुधवारी घरी..."

"वाचलं मी पान. चांगलं लिहिलंयस."

"मी नाही म्हणायला हवं होतं."

"हवं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, समजूतही नव्हती. "लिहिलंस ते बरं केलंस, अक्षदा. पण चहा मला प्यावा लागला. तुझ्या परीक्षेसाठी आले होते, म्हणून प्यायले. नाहीतर उठून गेले असते." त्यांनी हातातल्या फायली सारख्या केल्या. "तुला बरं वाटावं असं काही माझ्याकडे आत्ता नाही. जा, एसटी चुकेल."

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा वाफे जळून काळे पडले होते आणि राबाचा वास सगळ्या वाडीत भरला होता. रावजींनी एकट्यानं भाजला होता. त्यांच्या हातावर फोड होता. तो त्यांनी दाखवला नाही, पण झाकलाही नाही. फोन खांबाशी ठेवलेला, स्पीकरवर दीपक.

"अरे यार, आबांना सांगून जायला काय होतं तुला?"

"सांगून गेले होते."

"विचारून गं, विचारून."

रावजी आणि ठकूबाई ऐकत होते. अक्षदा चुलीकडे वळली. त्यानंतर, लेखी पेपरांचे दिवस सोडले तर, उन्हाळाभर ती पारापर्यंतसुद्धा उतरली नाही.

निकाल पावसाळ्यात लागला. पहिला वर्ग. पोलादपूरच्या एका ओळखीच्या माणसानं मोबाईलवर बघून रावजींना फोन केला, आणि रावजी त्याच दिवशी भर पावसात खाली जाऊन पेढ्यांचा पुडा घेऊन आले. देवापुढे ठेवला. ओटीवर येईल त्याला सांगू लागले, "आम्ही शिकवलं सुनेला. लग्नानंतर शिकवलं. आहे का तालुक्यात कोण दुसरं?" त्यांचा ऊर खरंच भरून आला होता. भावकीतला म्हातारा भिकू त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "मोठ्या मनाचा तू, रावजी."

"जा गो, घराघरात देऊन ये," रावजींनी पुडा अक्षदाच्या हातात दिला.

ती छत्री घेऊन निघाली. वाडीतली घरं संपली. पुड्यात पेढे उरले होते. ओढ्याच्या पलीकडे बौद्धवाडीची काही घरं होती, तिथं जायचं असं कुणी सांगितलं नव्हतं, जायचं नाही असंही नव्हतं. ओढ्याला पाणी चढलं होतं. ती साकवावरून पलीकडे गेली.

पहिल्या घराच्या पडवीत एक बाई सुपात नाचणी पाखडत होती. अक्षदानं तिला रानात पाहिलं होतं, नाव माहीत नव्हतं.

"मी पास झाले, काकी. पेढा घ्या."

बाईनं सूप थांबवलं. पेढ्याकडे बघितलं, मग साकवाकडे. "रावजींनी धाडलं?"

"नाय. मीच आले."

"त्यांना माहीत हाय?"

"नाय."

बाईनं पेढा घेतला. पोराला हाक मारून अर्धा त्याला दिला. मग म्हणाली, "चांगलं झालं पास झालीस. पण असं येत जाऊ नको, बाय. तुला घरचे दोन शब्द बोलतील नि सोडून देतील. उद्या तुमच्या वाडीतल्या टाकीचं पाणी बंद झालं तर ते आम्हाला भोगायचंय." तिनं सूप पुन्हा उचललं. "जा आता. पाणी वाढतंय."

पाणी बंद झालं नाही. पण ठकूबाईंना संध्याकाळपर्यंत कळलं. त्या ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचा स्वयंपाक स्वतः करायला घेतला, गुडघा धरलेला असतानाही. अक्षदानं चुलीकडे हात नेला की म्हणायच्या, "राहू दे. तू शिकलेली हायस." तिचं ताट आधी वाढून बाजूला ठेवायच्या.

तिला पुढं बीएड करायचं होतं. अर्ज भरायची मुदत त्याच महिन्यात गेली.

गणपतीला दीपक आला. वीर स्टेशनला उतरून, रिक्षा, एसटी करत, पिशव्या घेऊन भिजत आला. रात्री नाही, भर दुपारीच, सगळे आरतीच्या तयारीत असताना त्यानं तिला परड्यात गाठलं.

"आबा बोलले सगळं. टेन्शन नको घेऊ. पुढच्या वर्षी बीएडचं नक्की. पण तू पण जरा दमानं घे ना. तिकडं ओढ्यापलीकडे कशाला जायचं? इथं राहायचंय ना आपल्याला?"

अक्षदा दूर्वा खुडत होती. तिनं मान वर केली. "तुम्ही कुठं राहता इथं?"

दीपकनं खिशातून फोन काढला, रेंज नव्हती, परत ठेवला. "तसं नाय गं," म्हणाला, आणि तसं म्हणजे कसं ते त्याला सांगता आलं नाही.

आतून रावजींची हाक आली. आरतीची वेळ झाली होती, भावकी जमली होती. दीपक जवळजवळ धावतच आत गेला, भिंतीवरचे टाळ काढले आणि पुढे जाऊन उभा राहिला. अक्षदा दूर्वांची जुडी ठेवून बायकांच्या मागे उभी राहिली. तिला सगळ्या आरत्या पाठ होत्या. आज तिनं टाळ्या वाजवल्या, पण ओठ हलवले नाहीत. घर आवाजानं इतकं भरलं होतं की ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. फक्त ठकूबाई, समईशी बसलेल्या, म्हणता म्हणता थांबल्या आणि तिच्याकडे बघू लागल्या.